स्टिअरिंग अडकतंय? आधी हवा, मग सांधे, शेवटी मोटर

नागभीड तालुक्यातल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही समन्वयक. आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. विषय आहे चारचाकी गाडीचं स्टिअरिंग.

हा काय बायांचा विषय, असं कोणी म्हणेल. पण आपल्या गटांकडे नजर टाका. कोणी जुनी मोटार घेऊन भाड्याने चालवते. कोणाच्या घरी लेकाने घेतलेली गाडी आहे आणि दवाखान्याची, बाजाराची फेरी तीच मारते. केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना काढली ती यासाठीच, की गटाच्या सदस्यांनी गाडी चालवावी आणि जिथे एसटी नीट पोचत नाही त्या गावांची सोय व्हावी. गाडी अशी कर्जाची असली की एक गोष्ट विसरता येत नाही. गाडी गॅरेजात उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही.

गाडी चालवणाऱ्या बायांकडून आमच्याकडे एक तक्रार येत राहते. "ताई, सरळ रस्त्याने जाताना स्टिअरिंग मध्येच अडकल्यासारखं होते. थोडा जोर लावला की एकदम सुटते आणि गाडी जास्तच वळते. मिस्त्री म्हणतो, पूर्ण स्टिअरिंग बदला, फार खर्च आहे." याच तक्रारीचं आज बोलू. हे का होतं, घरी काय तपासायचं, गॅरेजात काय करून मागायचं आणि पैसा कोणत्या क्रमाने खर्च करायचा. सगळ्याचं सार एका ओळीत आहे: स्वस्त आणि सोपी कारणं आधी तपासायची, महाग कारण शेवटी.

हे अंगावर का घ्यायचं, तेही सांगतो. आपले रस्ते रानातून जातात. इकडे घोडाझरी अभयारण्याचं रान, सिंदेवाही आणि चिमूरकडे गेलं की ताडोब्याला लागलेलं जंगल. रात्री दवाखान्यात कोणाला नेत असताना समोर चितळ किंवा रानडुक्कर आलं, तर बोटभर वळण त्याच क्षणी द्यावं लागतं. अडकणारं स्टिअरिंग ते बोटभर वळण देत नाही. एकतर काहीच देत नाही, नाहीतर हातभर देतं.

आपल्या गाडीत कोणतं स्टिअरिंग आहे

स्टिअरिंग तीन प्रकारचं असतं. पहिलं साधं. त्यात सगळा जोर आपल्या हाताचा. दुसरं तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग. त्यात इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि तेलाच्या दाबाने मदत करतो. तिसरं विजेवर चालणारं, म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. मिस्त्री त्याला ईपीएस म्हणतात. हे पहिल्यांदा १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो नावाच्या लहान गाडीत आलं. आता आपल्याकडच्या बहुतेक नव्या लहान गाड्यांत पॉवर स्टिअरिंग असलं तर ते हेच असतं.

ओळखायचं कसं? बोनेट उघडा. स्टिअरिंगचं चित्र असलेली तेलाची लहान डबी दिसली तर तेलाचं. तशी डबी नसेल, आणि किल्ली फिरवल्यावर समोरच्या पाटीवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझत असेल, तर विजेचं. हा दिवा ओळखून ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. आज आपण विजेच्या स्टिअरिंगबद्दल बोलतो आहोत. पण हवा, चाकं आणि सांधे यांची तपासणी तिन्ही प्रकारांना लागू पडते.

दोघींचं जातं

हे चालतं कसं? घरचं जातं आठवा. खुंट्याला दोघींचा हात असतो. एक ओढते, दुसरीला खुंट्यातून तिचा जोर कळतो आणि तीही तेवढाच जोर लावते. विजेच्या स्टिअरिंगमध्ये ही दुसरी बाई म्हणजे एक मोटर.

आपण स्टिअरिंग फिरवलं की त्याच्या खालच्या दांड्यात बसवलेली एक बारीक सळई किंचित पीळ घेते. किती पीळ पडला हे टॉर्क सेन्सर मोजतो आणि गाडीच्या लहान संगणकाला कळवतो. संगणक गाडीचा वेग बघतो आणि मोटरला किती जोर लावायचा ते सांगतो. गाडी हळू असेल, वळवून लावायची असेल, तर मदत जास्त. वेग असेल तर मदत कमी, म्हणजे गाडी हातात राहते.

मोटरचा जोर दांड्यापर्यंत पोचतो तो मळसूत्री गिअरने. मोटरच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असलेला लहान दांडा असतो, त्याला लागून एक दातेरी चाक. या दोघांच्या मध्ये ग्रीसचा पातळ थर असतो. लहान गाड्यांत ही मोटर बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेली असते. त्या खांबाला कॉलम म्हणतात. कॉलमच्या खाली एक जोडदांडा असतो आणि त्याच्या टोकांना वळणारे सांधे, ज्यांना मिस्त्री क्रॉस म्हणतात. त्याच्याही खाली, दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्ये, रॅक नावाची दातेरी पट्टी असते. ती डावी-उजवीकडे सरकते आणि चाकं वळवते.

आता जात्याचाच विचार करा. जातं अडकलं तर दोष कुठे असेल? पाळी घासत असेल, मधला खुंटा आवळला असेल, किंवा दुसरीचा जोर नीट पडत नसेल. आपण लगेच नवीन जातं आणायला धावत नाही. आधी वरची पाळी उचलून बघतो. स्टिअरिंगलाही तोच नियम लावायचा.

तक्रारीला बरोबर नाव द्या

गॅरेजात जाऊन "स्टिअरिंग खराब आहे" एवढंच म्हटलं तर मिस्त्री अंदाजाने काम करतो. चार वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि चारींची कारणं वेगळी असतात.

पहिली, स्टिअरिंग जड. सगळीकडे सारखंच जड. दिवाही लागला असेल तर मोटरची मदत बंद झाली आहे. फ्यूज, बॅटरी, वायर किंवा सेन्सर बघायचा. दिवा नसेल तर चाकातली हवा कमी असण्याची शक्यता जास्त. एकाच जागी उभं राहून गाडी पुष्कळ वेळा मागे-पुढे वळवली तरी मोटर तापते आणि स्वतःला जपण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबलं की ती थंड होऊन पूर्ववत चालते. तो बिघाड नाही.

दुसरी, स्टिअरिंग ओढतं. हात सैल केला की गाडी एकाच बाजूला जाते. हवा कमीजास्त आहे, अलाईनमेंट बिघडलं आहे किंवा एका चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे.

तिसरी, स्टिअरिंग सैल. इकडे-तिकडे हलवलं तरी चाक लगेच वळत नाही, खड्ड्यात खटखट वाजतं. सांधे झिजले आहेत. हे धोक्याचं आहे, लगेच दाखवायचं.

चौथी, आपली आजची तक्रार, स्टिअरिंग अडकतं. तिच्या तीन खुणा आहेत. सरळ जाताना बारीकसं वळण द्यायला सुरुवातीला जास्त जोर लागतो आणि मग ते टक्कन सुटतं. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आपल्याला परत आणावं लागतं. आणि सरळ रस्त्यावरही सारखं इकडे-तिकडे सावरत राहावं लागतं, त्यामुळे दंड दुखतात. यातली कोणतीही खूण असेल तर कुठेतरी काहीतरी घासतं आहे, हे पक्कं समजा.

घरी करायच्या तपासण्या

या तपासण्यांना पैसा लागत नाही, लागला तर फार थोडा.

आधी वही घ्या. अडकणं कधी होतं ते चार दिवस लिहा. सकाळी गाडी थंड असताना की दहा-वीस किलोमीटर गेल्यावर? पाऊस पडल्यावर की उन्हात? सरळ जाताना की वळताना? कोणत्या वेगाला? दिवा लागला का? आवाज आला का? ही वही मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसाचं काम वाचवते.

मग हवा. गाडी थंड असताना, म्हणजे लांब फेरी मारण्याच्या आधी, चारही चाकांची हवा मोजून घ्या. किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत ती साधारण ३० ते ३६ च्या दरम्यान असते, पण आपल्या गाडीचा आकडा हाच खरा. पुढच्या चाकात हवा कमी असली की रबर रस्त्याला जास्त चिकटतं आणि स्टिअरिंग जड, आळशी होतं. टायरची झीजही बघा. टायर एकाच कडेला जास्त झिजला असेल तर अलाईनमेंट बिघडलं आहे.

पुढे पायाजवळची जागा. पायपुसणं जाड आहे का, ते वर सरकून दांड्याला लागतं का? स्टिअरिंगला चढवलेलं कव्हर आतल्या बाजूने कॉलमच्या प्लास्टिकला घासतं का? डॅशबोर्डखाली बाहेरून बसवलेल्या टेपची, हॉर्नची, दिव्यांची वायर लोंबून दांड्याला गुंडाळली आहे का? हसण्यासारखी कारणं वाटतात, पण खरी असतात.

मग बॅटरी. टोकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला असेल तर तो साफ करून नट आवळून घ्या. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते, इंजिन सुरू असताना साडेतेरा ते साडेचौदा. दुकानदार मीटर लावून मिनिटात सांगतो. बॅटरी कमजोर असली की मोटर धडपणे मदत करत नाही.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं, उंदीर. धान भरलेल्या घराजवळ गाडी उभी राहिली की उंदीर बोनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. बोनेट उघडून लेंड्या, धानाची फोलपटं किंवा कुरतडलेली वायर दिसते का बघा.

शेवटी लॉक. किल्ली काढली की स्टिअरिंग कुलूपबंद होतं. ते चोरीपासून बचावासाठी आहे. सकाळी किल्ली फिरत नसेल आणि स्टिअरिंगही हलत नसेल, तर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे करत किल्ली फिरवा. याला बिघाड समजू नका.

गॅरेजात करून मागायच्या तपासण्या

हवा, बॅटरी, वायरी ठीक आहेत आणि तरी अडकतं, तर गॅरेज गाठायचं. तिथे दोष शोधायची रीत एकच, अर्धं-अर्धं करत जाणं. विहिरीवरून टाकीत पाणी येत नसेल तर आपण पाइप मधोमध सोडून बघतो ना, पाणी इथवर येतं की नाही? तसंच.

पहिली कसोटी. गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलून खाली पक्का स्टँड लावायचा. दोन्ही पुढची चाकं अधांतरी. इंजिन बंद, पण किल्ली लॉकमधून काढलेली नको. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. इथे मोटरची मदत नाही आणि रस्त्याची पकडही नाही. तरीही अडकलं तर दोष घासण्याचा आहे, विजेचा नाही. इंजिन बंद असताना गुळगुळीत फिरतं आणि सुरू केल्यावरच अडकतं, तर मग सेन्सर, वायर किंवा संगणकाकडे बघायचं.

फिरवताना हाताला काय लागतं ते ध्यानात ठेवा. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागलं तर बहुतेक क्रॉस आवळला आहे. नेमक्या मधल्या, सरळ जागेवर खाच लागली तर रॅक किंवा मोटरचा गिअर. सगळीकडे सारखं घट्ट लागलं तर रॅक फार आवळलेली असू शकते, किंवा चाकाजवळचा बॉल जॉइंट किंवा पुढच्या शॉकअपच्या वरची बेअरिंग कोरडी पडलेली असते.

दुसरी कसोटी सगळ्यात मोलाची. जोडदांडा रॅकपासून सोडवायचा. आता स्टिअरिंग फिरवून बघायचं. अजूनही अडकतं, तर दोष वरच्या अर्ध्यात आहे, म्हणजे कॉलम, मोटरचा गिअर किंवा दांड्याचे क्रॉस. मोकळं फिरतं, तर दोष खाली, रॅक किंवा चाकांच्या सांध्यांत. या एका कामाने निम्मी गाडी संशयातून सुटते. पूर्ण कॉलम बदला असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा, "भाऊ, दांडा सोडवून बघितला का?"

हे काम जाणकार मिस्त्रीनेच करायचं, घरी नाही. कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. तिच्या वायरीची एक गुंडाळी स्टिअरिंगच्या मागे असते. दांडा सोडल्यावर स्टिअरिंग त्याच्या हद्दीपलीकडे फेरे खात गेलं तर ती गुंडाळी तुटते आणि एक नवा खर्च उभा राहतो. म्हणून सोडण्याआधी चाकं सरळ करून खूण करायची आणि तपासताना मधल्या जागेपासून थोडंच फिरवायचं. एअरबॅगच्या वायरीला हात लावायचा असेल तर आधी बॅटरी सोडायची.

तिसरी कसोटी स्कॅनरची. गाडीच्या संगणकात बिघाडाचे कोड साठतात. स्कॅनर लावून ते वाचता येतात. कोड दाखवायला सांगा आणि वहीत उतरवून घ्या. कधी कधी दोष एवढाच असतो की सेन्सरचा शून्य सरकला आहे, आणि स्कॅनरनेच तो पुन्हा लावता येतो. पण एक ध्यानात ठेवा. क्रॉस गंजला किंवा बॉल जॉइंट कोरडा पडला तर स्कॅनर काहीच सांगत नाही. "स्कॅनरमध्ये काही नाही, म्हणजे गाडी ठीक आहे", हे उत्तर पुरेसं नाही.

दुरुस्ती काय असते

अलाईनमेंट बिघडलं असेल तर मशीनवर ते लावून घ्यायचं. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळल्यावर हे हमखास बघायचं. पुढच्या चाकांचा तिरपेपणा ठरावीक असतो, त्यामुळेच वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. तो बिघडला की स्टिअरिंग परत येत नाही.

क्रॉस गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून, हलवून मोकळा करता येतो. पण बरेचदा हा इलाज तात्पुरता ठरतो. आमच्या भागातल्या एका ताईंच्या गाडीचं असंच झालं. एका गॅरेजने पूर्ण कॉलम बदलायला सांगितलं होतं. ताईंनी वहीत लिहून ठेवलं होतं: रोवणीच्या दिवसांत सुरू झालं, पाऊस पडलेल्या सकाळी जास्त, गाडी चालून गरम झाल्यावर कमी. दुसऱ्या मिस्त्रीने ते वाचलं, दांडा सोडवला आणि खालचा क्रॉस गंजलेला निघाला. तेल मारून दोन महिने गेले, मग पुन्हा तसंच होऊ लागलं. तेव्हा तेवढा जोडदांडा बदलला. कॉलमच्या खर्चाच्या मानाने तो खर्च फार थोडा होता, आणि गाडी एका दिवसात रस्त्यावर आली.

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या वाटेने गाडी चिखलातून जाते. बूट फाटलेला असला की चिखल-पाणी रॅकमध्ये शिरतं, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो. बूट स्वस्त असतो, रॅक महाग. म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास बूट बघून घ्यायचे. रॅकला एक आवळण्याचा नट असतो. फार आवळला तर स्टिअरिंग चिकटतं, फार सैल ठेवला तर खटखटतं. तो कंपनीने सांगितलेल्या मापानेच लावायचा.

मोटरच्या गिअरमध्ये दोष असेल तर काम कसबी माणसाचं. त्यातलं दातेरी चाक बहुतेक प्लास्टिकचं असतं. त्याला कंपनीने सांगितलेलंच ग्रीस लागतं. बैलगाडीच्या आसाला लावतो तसलं कोणतंही ग्रीस चालत नाही, चाक खराब होतं. काही गाड्यांत मोटर आणि गिअरच्या मध्ये रबराचं लहान कपलिंग असतं. ते झिजलं की स्टिअरिंगमध्ये खटखट येते. अशा वेळी पूर्ण कॉलम न बदलता कपलिंग मिळतं का, हे विचारायचं.

दोष कधी कारखान्याचाच असतो

इथे एक मोठं उदाहरण सांगतो. अमेरिकेत होंडाच्या सिव्हिक गाड्यांच्या मालकांनी अगदी हीच तक्रार केली, सरळ जाताना स्टिअरिंग मध्येच अडकतं. तिथल्या सरकारी महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये चौकशी सुरू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने तिथल्या सुमारे १७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष काय निघाला? मळसूत्री गिअरचं चाक नीट घडलेलं नव्हतं, त्यामुळे मधला ग्रीसचा थर पातळ पडत होता, आणि गिअरला दाबून धरणारी स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त दाबत होती. इलाज ठरला तो स्प्रिंग बदलण्याचा आणि ग्रीस नीट पसरण्याचा, लागेल तिथे नवं भरण्याचा. मालकाकडून पैसे न घेता.

आपल्या देशातही असं होतं. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. त्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या होत्या. तो दोष मोटरचा नव्हता, खालच्या सांध्याचा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीने २,५५५ अल्टो के-१० गाड्या स्टिअरिंगच्या गिअरबॉक्ससाठी बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंही सांगितलं.

म्हणून पैसा खर्च करण्याआधी एक काम करा. आरसी पुस्तकावर गाडीचा चॅसिस नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, "या गाडीला काही रिकॉल आहे का?" कंपनीच्या संकेतस्थळावरही नंबर टाकून बघता येतं, गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण कंपनीची चिठ्ठी किंवा फोन पहिल्या मालकाकडे गेलेला असतो. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. वॉरंटी असून दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

चालवता चालवता अडकलं तर

घाबरायचं नाही. मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग आणि चाकं दांड्याने जोडलेलीच असतात. जोर जास्त लागेल, पण गाडी वळेल. दोन्ही हातांनी धरा, हिसका देऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू कमी करा, चारही इंडिकेटर लावा आणि रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी थांबा. गाडी चालू असताना किल्ली कधीही बंद करून काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

थांबल्यावर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. दिवा विझला आणि स्टिअरिंग हलकं झालं, तरी त्याच दिवशी गाडी दाखवा. अडकणं सुरूच असेल तर ती गाडी घेऊन पेशंटला न्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा, गरोदर बाई असेल तर १०२ ला. भाडं बुडलं तर उद्या पुन्हा मिळेल.

रोजच्या चालवण्यातही थोडं जपायचं. गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका, चाक थोडं फिरू द्या. स्टिअरिंग टोकापर्यंत नेऊन तिथेच दाबून धरू नका. धुताना पाण्याचा जोराचा फवारा डॅशबोर्डच्या खाली मारू नका.

गॅरेजात बोलताना

बाई गाडी घेऊन गेली की मिस्त्री सोबतच्या पुरुषाशी बोलतो, हा अनुभव आपल्यातल्या कितीतरी जणींना आहे. "ताई, तुम्हाला सवय नाही, म्हणून जड वाटते", असंही ऐकावं लागतं. त्यावर वाद घालत बसू नका. वही उघडा आणि वाचून दाखवा: अमुक वेगाला, सरळ रस्त्यावर, गाडी थंड असताना अडकते, हवा मोजून घेतली आहे, बॅटरी तपासली आहे, दिवा लागत नाही. मग मिस्त्रीला सोबत बसवून त्याच रस्त्यावर फेरी मारा. स्टिअरिंग रोज ज्या हातात असतं, त्याच हाताला बिघाड आधी कळतो. तो हात तुमचा आहे.

काम देताना चार गोष्टी मागा. खर्चाचा अंदाज लेखी. कोणती कसोटी केली आणि काय निघालं, ते जॉबकार्डवर. बदललेला जुना भाग परत. आणि पक्कं बिल. गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या पैशाने दुरुस्ती होत असेल तर हे कागद मासिक बैठकीत ठेवा. मोठा खर्च सांगितला असेल तर दुसऱ्या गॅरेजात विचारल्याशिवाय होकार देऊ नका. नागभीडला नाही तर ब्रह्मपुरीला, नाही तर नागपूरला विचारा.

स्टिअरिंगच्या दुरुस्तीनंतर पैसे देण्याआधी गाडी स्वतः चालवून बघा. दिवा विझलेला आहे, सरळ जाताना हात हलका राहतो, डावं आणि उजवं वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येतं. या तीनही गोष्टी जमल्या तरच काम पूर्ण झालं.

येत्या बैठकीत गाडी चालवणाऱ्या बहिणींनी हा क्रम गटाच्या वहीत उतरवून घ्यावा: हवा, पायाजवळची जागा, बॅटरी आणि वायरी, रिकॉलची चौकशी, अलाईनमेंट, दांडा सोडवून तपासणी, सांधे आणि रॅक, आणि सगळ्यात शेवटी मोटर आणि कॉलम. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही ऐकून ठेवावं. उद्या ग्रामसंघात दुरुस्तीचं बिल मंजुरीला आलं तर प्रश्न तुम्हालाच विचारायचा आहे. पुढच्या वेळी गाडीच्या विम्याबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा. नमस्कार.